एका सामन्याचा हंगाम

महाविद्यालयीन कबड्डीचा हंगाम म्हणजे वर्षातले ते मोजके आठवडे, ज्यांत मुलगा गावच्या मंडळाचा बनियन उतरवून महाविद्यालयाचा बनियन घालतो. भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या कोनमधला मुलगा एरवी जवळजवळ वर्षभर खेळतच असतो. पण त्यातले महाविद्यालयाच्या नावावर जमा होणारे दिवस फार थोडे. पुष्कळ संघांच्या वाट्याला तर एकच सामना येतो. चाळीस मिनिटांचा खेळ, पाच मिनिटांचे मध्यंतर, आणि वर्ष संपले.

कोन भिवंडी तालुक्यात खाडीकाठी वसले आहे. बोलताना सगळे कोनगावच म्हणतात. पूल ओलांडला की दुर्गाडी किल्ला आणि कल्याण. उलट्या दिशेला राजनोली नाका, मुंबई-नाशिक महामार्ग आणि त्यापुढे भिवंडीचे यंत्रमाग व गोदामे. कोनच्या मुलाने बारावीनंतर भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या बी. एन. एन. महाविद्यालयात जावे, नाहीतर पूल ओलांडून कल्याणच्या बिर्ला किंवा अग्रवाल महाविद्यालयात. रोजची रिक्षा, एसटी नाहीतर मित्राची दुचाकी. घरचे आणि महाविद्यालयाचे अंतर इतके कमी, की वसतिगृहाचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच या पट्ट्यातला महाविद्यालयीन खेळाडू आधी गावचा राहतो आणि मग महाविद्यालयाचा होतो.

खेळाचा साचा थोडक्यात असा. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, महिलांचे 12 बाय 8. प्रत्येक बाजूला सात खेळाडू मैदानात आणि बाकीचे राखीव. पुरुषांचे दोन डाव वीस-वीस मिनिटांचे, महिलांचे पंधरा-पंधरा. चढाईला 30 सेकंद. तेवढ्या वेळात ‘कबड्डी, कबड्डी’चा दम न सोडता समोरच्याला शिवायचे आणि मध्यरेषेवर परत यायचे. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा असते, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनसचा गुण मिळतो. तीन किंवा त्याहून कमी उरलेल्यांनी चढाई अडवली तर ती अव्वल पकड, आणि तिला एक गुण जास्त. गुण मिळाला की बाद झालेला आपला गडी जिवंत होतो. बोनसवर मात्र कोणी जिवंत होत नाही. सगळा संघ बाद केला की लोण चढतो आणि दोन गुण अधिक मिळतात. पुरुष गटात वजन 85 किलोच्या आत लागते, महिलांमध्ये 75. या वजनापायी स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवण सोडणारी आणि जाड स्वेटर चढवून धावणारी मुले दरवर्षी दिसतात. हा प्रकार घातक आहे. दोन महिने आधी जेवणाकडे लक्ष दिले तर त्याची गरजच पडत नाही. पण दोन महिने आधी लक्ष द्यायला संघ तरी तयार झालेला असायला हवा.

या खेळाची विद्यापीठांशी ओळख जुनी आहे. लेखी नियम बांधण्याचे पहिले प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात सातारा, बडोदा या भागांत झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि 1961 मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळासाठी घातलेले आयुष्य महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचे पहिले पदक दिले गेले, ते भारताचे सुवर्ण. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावातल्या पोरांना आपला खेळ रात्री दूरचित्रवाणीवर दिसू लागला.

हंगामाची सुरुवात प्रवेशांनंतर होते. सूचनाफलकावर कागद लागतो: कबड्डी निवड चाचणी, ओळखपत्र आणि बारावीची गुणपत्रिका आणावी. बाहेर पाऊस कोसळत असतो, मैदानात चिखल असतो, आणि बंदिस्त सभागृह व मॅट असलेली महाविद्यालये थोडीच. ‘लहान महाविद्यालय’ हा शब्द इथे त्याच अर्थाने घ्यायचा. विद्यार्थी कितीही असोत, खेळाच्या बाबतीत ते लहानच, कारण एकच क्रीडाशिक्षक, त्याच्याकडे दहा-पंधरा खेळ, कबड्डीला वेगळा मार्गदर्शक नाही आणि सरावाला कोरडी जागा नाही. चाचणीला मुले येतात तीही बहुतेक एकमेकांना ओळखणारी. कोनचा उजवा कोपरारक्षक आणि शेजारच्या गावचा चढाईपटू गेल्याच हिवाळ्यात एकमेकांविरुद्ध खेळलेले असतात. क्रीडाशिक्षकाचे खरे काम त्यांना खेळ शिकवण्याचे नसते. वेगवेगळ्या मंडळांत वेगवेगळ्या सवयी लागलेल्या सात जणांकडून एक साखळी बांधून घेणे, हे ते काम. एकाच्या गावात कोपरारक्षक घोट्याला आधी झेपावतो, दुसऱ्याच्या गावात मध्यरक्षक पुढे सरल्याशिवाय कोणी हलत नाही. ही दोन गणिते दोन आठवड्यांत जुळत नाहीत. ज्या वर्षी जुळतात, त्या वर्षी तो संघ विभागात पुढे जातो.

मग कागदपत्रांचा टप्पा. पात्रतेचा अर्ज, प्राचार्यांची सही, शिक्का, छायाचित्रे, वयाचा दाखला. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी पंचविशीची मर्यादा आहे, त्यामुळे शिक्षण मध्ये सोडून गोदामात नोकरी धरलेला आणि पुन्हा शिकायला आलेला मुलगा काही वेळा इथेच गळतो. अर्ज पूर्ण झाले की मुंबई विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत असल्यामुळे आधी विभागीय फेऱ्या होतात आणि भिवंडी-कल्याणची महाविद्यालये ठाण्याच्या विभागात येतात. या फेऱ्या बाद पद्धतीच्या. सकाळी हजेरी, वजन, चिठ्ठ्या आणि सामना. हरलेला संघ दुपारच्या जेवणाला घरी असतो.

जिंकत गेलेल्यांचा रस्ता लांब आहे. विभागातून निवडक संघ पुढच्या फेरीत जातात, तिथल्या खेळावरून विद्यापीठाच्या शिबिरासाठी मुले निवडली जातात आणि शिबिरातून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा अशा प्रदेशांतल्या विद्यापीठांशी खेळतो. देशातल्या चारही विभागांतले वरचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत येतात, आणि 2020 पासून त्यापुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहे. पण या रस्त्याने एकेकटा खेळाडू जातो, महाविद्यालयाचा संघ जात नाही. विद्यापीठाच्या बनियनवर महाविद्यालयाचे नाव नसते. सत्र पद्धतीमुळे परीक्षाही याच दिवसांत येतात. विद्यापीठाच्या नियमांत क्रीडासहभागासाठी वाढीव गुणांची तरतूद आहे, आणि त्या गुणांवर पदवी पूर्ण झालेली मुले या पट्ट्यात आहेत. ती तरतूद अनेक पालकांना ठाऊकच नसते. प्रवेशाच्या वेळीच क्रीडाशिक्षकाने ती समजावून सांगितली, तर चाचणीला येणारी मुले वाढतील.

भातकापणी झाली की दुसरा हंगाम सुरू होतो, आणि खाडीपट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांचा खरा हंगाम हाच. खाचरे मोकळी होतात. एखादे सपाट करून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान केले जाते आणि फक्कीने रेषा आखल्या जातात. गावदेवीची जत्रा, माघी गणपती, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, प्रत्येक निमित्ताला कुठे ना कुठे चषक असतो. सामने संध्याकाळी हॅलोजनखाली सुरू होतात आणि रात्र सरत आली तरी अंतिम सामना बाकी असतो. बायका, म्हातारे, खांद्यावर झोपलेली पोरे, सगळे बसलेले. समालोचक प्रत्येक खेळाडूला त्याच्या वडिलांच्या नावासकट ओळखतो. उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांची वेगळी बक्षिसे असतात. पायात बूट नसतात, माती घट्ट असते, गुडघे सोलवटतात. हारजितीची चर्चा पुढच्या चषकापर्यंत नाक्यावर चालते, आणि पुढचा चषक आठवड्याभरातच असतो.

इथला खेळाडू तयार होतो तो या मातीत. एका हिवाळ्यात तो तीस-चाळीस चढाया नाही, कित्येक शेकडो चढाया करतो. पण माती आणि मॅट यांत फरक आहे. मातीत पाय रुततो, वळताना आधार मिळतो. मॅटवर बूट लागतात, वेग वाढतो आणि गुडघ्यावर वेगळा ताण येतो. मातीत वाढलेला चढाईपटू विद्यापीठाच्या शिबिरात पहिल्यांदा मॅटवर उतरला की त्याचे पहिले काही दिवस पाय सांभाळण्यातच जातात. शहरातल्या मॅटवर वाढलेल्या मुलाशी त्याची तुलना त्याच दिवसांत होते. हे अन्यायाचे आहे.

मुलींचा हंगाम याहून आखूड. रात्रीच्या गावसामन्यांत मुलींना सहसा जागा नसते, त्यामुळे मुलांना मिळणारा हिवाळा त्यांना मिळत नाही. शाळेत खेळलेल्या मुलीला महाविद्यालयात आल्यावर विभागीय स्पर्धेचा तो एक दिवसच उरतो. महाराष्ट्राच्या महिला कबड्डीची परंपरा मोठी असताना ठाणे जिल्ह्यातल्या गावांतून मुली अठराव्या वर्षी खेळ सोडतात, याला आवडीचा अभाव हे कारण नाही. त्यांना सामनेच मिळत नाहीत.

जगात दुसरीकडे लहान महाविद्यालये हा प्रश्न कसा सोडवतात, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, अंगावर चिलखतासारखी गादी चढवून खेळायचा खेळ. अकरा-अकरा खेळाडू, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो 6-4 असा जिंकला. पकड हा त्या खेळाचाही प्राण आहे. तिथे 1973 पासून लहान महाविद्यालयांसाठी तिसरा विभाग वेगळा आहे आणि त्यात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळणारा मुलगा इतरांसारखाच विद्यार्थी. तरीही सप्टेंबर ते नोव्हेंबर प्रत्येक संघाला नऊ-दहा सामने मिळतात, बहुतेक शनिवारी, निम्मे आपल्या मैदानावर. पहिले चार हरले तरी पाचवा असतोच. मॅसॅच्युसेट्समधली ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ही दोन लहान महाविद्यालये 1884 पासून एकमेकांशी खेळत आहेत, आणि जुने विद्यार्थी त्या दिवशी आवर्जून परत येतात. त्या खेळाडूंपैकी व्यावसायिक जवळजवळ कोणी होत नाही. हंगाम मात्र सगळ्यांना मिळतो.

तोच खेळ भारतात आणायचा प्रयत्नही झाला. 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीगचा पहिला हंगाम कोलंबोत खेळला गेला. त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ होते, आणि अंतिम सामन्यात पुण्याने दिल्ली डिफेंडर्सना 6-0 असे हरवले. नाव झाले, चित्रीकरण झाले, पण खाली महाविद्यालये नव्हती, गावे नव्हती. खेळ रुजला नाही. कबड्डीचे उलट आहे. इथे गाव आहे, खेळाडू आहे, प्रेक्षक आहे, जिल्हा संघटना आहे, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलिसांचे संघ आहेत. मधला दुवा तेवढा कच्चा आहे, आणि तो दुवा म्हणजे महाविद्यालयाचा हंगाम.

तो बांधायला मोठा निधी लागत नाही. भिवंडी, कोन, कल्याण, उल्हासनगर, शहापूर ही ठिकाणे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या आत आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आखणीत कोनगावला स्थानकही आहे. विद्यापीठाची बाद फेरी आहे तशी राहू द्यावी. तिच्याआधी सहा महाविद्यालयांनी आपापसांत साखळी सामने खेळावेत, प्रत्येकाचे पाच, त्यातले दोन-तीन आपल्या आवारात, मुलांच्या सामन्याआधी मुलींचा. पंच जिल्हा संघटनेतून मिळतात. पावसाचा अडथळा असेल तर गावातले एखादे समाजमंदिर दुपारपुरते मागावे, गावकरी नाही म्हणणार नाहीत. चढाईपटूला आपली चूक सुधारायला पुढचा शनिवार मिळेल आणि क्रीडाशिक्षकाला संघाची ती साखळी बांधायला दोन आठवड्यांऐवजी दोन महिने. या पट्ट्यातल्या क्रीडाशिक्षकांनी पुढच्या जूनआधी एक दिवस एकत्र बसावे आणि वेळापत्रक लिहून काढावे. कोनच्या मुलामुलींना महाविद्यालयाच्या नावाने वर्षात निदान पाच वेळा मैदानात उतरू द्यावे.