उडत्या जहाजावरचा खलाशी निजतो कुठे?

कल्पित कथा म्हणजे थापा नव्हेत, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण आकाशात उंचावर तरंगणाऱ्या जहाजांच्या कथा वाचताना आमचाच धडा खोटा पडतो. त्यांत कप्तानाची केबिन असते, काचेचा दिवाणखाना असतो. खलाशी मात्र हुकूम ऐकून नाहीसे होतात. आमच्या आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हे लोक निजतात कुठे?" त्याचे अब्बा बोटीवर आहेत.

काही साहित्यिक मित्र म्हणतात, कल्पनेला मोरीचा हिशेब विचारू नये. आम्हांला हे मान्य नाही. हिशेबाशिवाय असले जहाज उडतच नाही. समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलतो. सहा हजार मीटरवर हवेची घनता जवळजवळ निम्मी होते, तशी उचलही. तिथे लाकडी पलंग कुठून येणार? कापडी भिंती, टांगलेल्या झोळ्या, पाळीपाळीने वापरायचा एकच बिछाना. पाणी लिटरला किलोभर, म्हणजे वजूसुद्धा तोलूनमापून. पहिल्या महायुद्धात एवढ्या उंचीवर गेलेल्या जर्मन झेपेलिनांचे खलाशी थंडीने आणि विरळ हवेने बेजार होत. पुढे 'हिंडेनबुर्ग'वर प्रवाशांना धूम्रपानासाठी वेगळी खोली मिळाली. खलाशांचे बिछाने जहाजाच्या पोटातल्या अरुंद बोळाकडेला होते.

पण तपशिलासाठी जर्मनीला कशाला जायचे? राजिवड्यात, मिरकरवाड्यात जुन्या माणसांना विचारावे. सारंग, टिंडल, आगवाला, भंडारी, टोपास ही नावे आपल्या घरांतली आहेत. 1906 च्या ब्रिटिश कायद्याने खलाशामागे 120 घनफूट जागा ठरवली आणि लस्करांना त्यातून वगळले. खोलीचे माप हेच माणसाच्या किमतीचे माप होते. 2006 च्या सागरी कामगार कराराने बिछाना किमान 198 बाय 80 सेंटिमीटर असावा, जेवणात खलाशाच्या धर्माचा विचार व्हावा, असे लिहिले. भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. मधे शंभर वर्षे गेली.

दोष लेखकांचाच नाही, आमचाही आहे. बोटीवरून आलेले पैसे आम्ही मोजले, घड्याळे मिरवली. तो माणूस तिथे निजत कुठे होता, हे विचारले नाही. मग आमच्या कथेत त्याची खोली येणार कुठून?

त्या मुलाला आम्ही उत्तर दिले नाही, कोरी वही दिली. अब्बा सुटीवर आले की विचार आणि आधी त्यांचा बिछाना काढ, म्हणून सांगितले. जहाज त्याच्याभोवती बांधता येईल.