वासराचा कणा आणि आपली पाठ

बारामती-इंदापूर भागात उसाच्या जोडीने संकरित होल्स्टीन गाईंचे गोठे उभे राहिले. अशा गोठ्यात वासरू उठेनासे झाले की ‘कमजोरी आहे’ म्हणून कॅल्शियम पाजले जाते. वासरू दगावले तर खड्डा खणून विषय संपतो. पण पायातली ताकद केव्हा आणि कशी गेली, हा प्रश्न विचारला तर कारण बहुतेक वेळा हाती लागते.

दोष जन्मतःच असेल, मान आखूड, कणा वाकडा आणि पाय खुराजवळ दुमडलेले असतील, तर आनुवंशिक कारणाचा विचार करावा. मणक्यांची अशी विकृती होल्स्टीन गाईंमध्ये 2000 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये ओळखली गेली. तिचे मूळ कार्लिन-एम आयव्हॅनो बेल या अमेरिकी वळूच्या वंशात सापडले. दूधवाढीसाठी त्याचे वीर्य जगभर वापरले गेले होते. दोष अप्रकट असतो. आई-बाप दोघेही वाहक असले तरच प्रत्येक गर्भाला बाधेची शक्यता पंचवीस टक्के असते, आणि असे बरेच गर्भ आधीच गळून पडतात. गाय वारंवार उलटते, त्यामागे कधीकधी हेही असते. वळूची जनुकीय तपासणी करता येते. म्हणून रेतन करताना कांडीवरचा वळू क्रमांक वहीत लिहावा आणि त्याच वळूचे वीर्य त्याच्या मुलीला देऊ नये. जवळच्या नात्यातील लग्नांबाबत आम्ही माणसांना जे सांगतो, तेच इथे लागू आहे.

वासरू आधी चांगले होते आणि काही आठवड्यांनी मागचे पाय ओढू लागले, तर नाळ बघा. नाळेतून शिरलेले जंतू रक्तावाटे मणक्यात जाऊन पू धरतात. जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावणे आणि पहिल्या दोन तासांत चीक पाजणे, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो. हळूहळू हाडे वाकत असतील तर खाद्याकडे पाहावे. उसाच्या वाढ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये, खनिज मिश्रण द्यावे.

एक-दोन दिवसांत मागचा भाग लुळा पडला, लाळ गळू लागली, हंबरण्याचा आवाज बदलला, तर मात्र थांबा. हा रेबीज असू शकतो. घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. लाळ लागलीच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

आता आपल्या पाठीकडे वळू. गाभडलेली गाय उघड्या हातांनी हाताळणे किंवा कच्चे दूध पिणे, यातून ब्रुसेल्ला माणसात येतो. रेंगाळणारा ताप, घाम, सांधेदुखी आणि महिनोन्महिने न थांबणारी कंबरदुखी ही त्याची लक्षणे. तो मणक्यात बसला की क्षयरोगासारखा भासतो. त्यावर प्रतिजैविके किमान सहा आठवडे द्यावी लागतात, मणक्यात असेल तर त्याहून जास्त. म्हणून कंबरदुखी आणि ताप घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरने ‘घरी जनावरे आहेत का, एखादी गाय गाभडली का?’ हे विचारायलाच हवे. न विचारल्यास रुग्णानेच सांगावे.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेल्लाची लस आयुष्यात एकदाच दिली जाते. वय निघून गेले की संधी जाते. जनावर आजारी पडल्यास 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते.

पशुवैद्यकाचा दवाखाना आणि ग्रामीण रुग्णालय एकाच तालुक्यात असतात, पण नोंदी एकमेकांकडे जात नाहीत. गाभडलेल्या गाईची आणि रेबीजच्या संशयित वासराची खबर त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात पोहोचावी. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, एक फोन पुरतो.