सरकार पक्षातर्फे

ठाण्याच्या कोर्ट नाक्याच्या परिसरात राज्यसत्तेची तीन स्थाने एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे, जिल्हा व सत्र न्यायालय आहे आणि थोडे पलीकडे, पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेल्या व मराठ्यांनी १७३७ साली जिंकून घेतलेल्या किल्ल्याच्या तटबंदीत वसलेले मध्यवर्ती कारागृह आहे. या तिन्ही स्थानांची बरीवाईट ओळख ठाणेकरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु फिर्याद घेऊन आलेला एक नागरिक आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला दुसरा नागरिक यांच्यामध्ये राज्याच्या नावाने उभे राहून पुरावा न्यायासनापुढे मांडण्याचे काम ज्या कार्यालयाकडे सोपविलेले आहे, त्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाचा दरवाजा कोठे आहे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना निरुत्तर व्हावे लागेल. फौजदारी कामासाठी कल्याणच्या न्यायालयाची वाट धरणाऱ्या आम्हा डोंबिवलीकरांची अवस्थाही याहून निराळी नाही. पोलीस ठाणे ठाऊक असते, आपला खासगी वकील ठाऊक असतो. आपल्याच फिर्यादीवरून उभा राहिलेला खटला प्रत्यक्षात चालविणारी व्यक्ती मात्र साक्षीच्या दिवसापर्यंत अनोळखीच राहते.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवर त्यांच्याच शाळेत झालेल्या अत्याचाराने सारे शहर रेल्वेमार्गावर उतरले, तेव्हा या कार्यालयाची आठवण एका वेगळ्या रीतीने झाली. खटला जलदगती न्यायालयात चालवा आणि नामांकित वकील नेमा, या दोन मागण्या जनतेच्या तोंडी होत्या, आणि शासनाने उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नियुक्ती जाहीर केली. त्या वेळचा क्षोभ न्याय्य होता. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना ज्या शहरात तासन्‌तास तिष्ठत राहावे लागते, तेथील माणसांनी नेहमीच्या व्यवस्थेवर विश्वास ठेवावा तरी कोणत्या आधारावर? तथापि त्या गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ज्यांची बातमी येत नाही, ज्यांच्यासाठी कोणी रेल्वे अडवीत नाही, अशा शेकडो फिर्यादींच्या खटल्यांत उभे राहणारे नेहमीचे सरकारी वकील कोण, त्यांच्या हाताशी किती माणसे आहेत, आणि साक्षीदाराशी शांतपणे दोन शब्द बोलण्यास त्यांना सवड मिळते काय? माझ्या मते जिल्ह्याच्या न्यायव्यवस्थेची खरी कसोटी याच प्रश्नावर लागते, कारण विशेष नियुक्ती ही स्वभावतःच अपवादासाठी असते आणि सामान्य माणसाचे दुःख हे सामान्य खटल्यातच न्यायालयापुढे येत असते.

या व्यवस्थेची रचना थोडक्यात सांगावयाची तर ती अशी. सत्र न्यायालयातील प्रत्येक खटला सरकारी अभियोक्त्यानेच चालविला पाहिजे असा कायद्याचा दंडक आहे, आणि त्या पदासाठी अथवा अतिरिक्त अभियोक्त्याच्या पदासाठी वकिलीचा किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. विशेष अभियोक्त्याला दहा वर्षांचा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मारहाण, चोरी, फसवणूक, विनयभंग अशा प्रकरणांचा जो अखंड ओघ वाहतो, तेथे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवडले गेलेले सहायक सरकारी अभियोक्ते काम पाहतात. सामान्य नागरिकाचा संबंध बहुधा येतो तो याच दुसऱ्या वर्गाशी.

आज हे सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताबेदारीत नाहीत, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. परंतु ती सहजासहजी घडून आलेली नाही. पूर्वी खालच्या न्यायालयांत खटले चालवीत ते पोलीस प्रॉसिक्युटर, म्हणजे ज्या खात्याने तपास केला त्याच खात्याचे नोकर. मुंबईचे विख्यात विधिज्ञ मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात ही दोन कामे एकमेकांपासून अलग करावीत अशी शिफारस केली, आणि १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती तत्त्वतः मान्यही केली. महाराष्ट्र शासनाने त्या वेळच्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच सहायक सरकारी अभियोक्ते म्हणून नेमले खरे, पण त्यांना ठेवले पोलीस खात्याच्याच प्रशासकीय व शिस्तविषयक अंमलाखाली. पद बदलले, हुकूम देणारा वरिष्ठ मात्र तोच राहिला. अखेरीस शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या अभियोक्त्यांना पोलिसांच्या अंमलातून मुक्त करून त्यांचे स्वतंत्र खाते निर्माण करण्याचा आदेश राज्याला दिला. संहितेचे शब्द प्रत्यक्षात उतरण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला, आणि तोही ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले होते त्यांनाच न्यायालयात जावे लागल्यानंतर, हे शल्य मला लहान वाटत नाही.

त्याआधी एका वर्षी, हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात याच तत्त्वाची दुसरी बाजू स्पष्ट झाली होती. ज्या वसईच्या राजकारणाशी हे नाव निगडित आहे ती तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. टाडा कायद्याखाली तपासाची १८० दिवसांची मुदत वाढवून घ्यावयाची असेल तर सरकारी अभियोक्त्याचा अहवाल आवश्यक होता. तो अहवाल म्हणजे तपासी अंमलदाराची मागणी पुढे सरकविणारे टपाल नव्हे, अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नसून कायद्याने निर्माण केलेला स्वतंत्र अधिकारी आहे, आणि त्याने स्वतःची बुद्धी वापरून मुदतवाढ खरोखरच हवी काय हे ठरविले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. एका माणसाला आणखी काही महिने कोठडीत ठेवावे की नाही, याविषयी पोलीस व न्यायाधीश यांच्या दरम्यान आणखी एका विवेकी माणसाने थांबून विचार करावा ही अपेक्षा मला या पदाचा आत्मा वाटते.

आता साक्षीदाराच्या दिवसाकडे वळतो, कारण हे पद नागरिकाच्या अनुभवास येते ते प्रामुख्याने तेथेच. एखाद्याच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडतो, पोलीस त्याचा जबाब नोंदवून घेतात, आणि पुढे कित्येक वर्षे काहीच घडत नाही. मधल्या काळात तो घर बदलतो, नोकरी बदलतो, कल्याणच्या चाळीतून टिटवाळ्याच्या सदनिकेत राहावयास जातो. मग अकस्मात एके दिवशी समन्स येते. सकाळच्या गर्दीच्या लोकलमधून वेळेवर पोहोचावे, न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्या आरोपीविरुद्ध बोलावयाचे त्याचेच नातेवाईक शेजारी उभे असलेले पाहावेत, पुकाऱ्याची वाट पाहत दुपार करावी, आणि शेवटी पुढील तारीख घेऊन परतावे, हा क्रम दोनतीनदा घडला की कर्तव्यदक्ष माणसाचेही मन खचते. साक्षीदार फितूर झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पैशाचा किंवा धाकाचा संशय घेतो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु कित्येक साक्षी केवळ विस्मरणाने, थकव्याने आणि परकेपणाने निकामी होतात. पाचसहा वर्षांपूर्वीच्या संध्याकाळचा प्रकाश, अंतर, कपड्यांचा रंग यांविषयी उलटतपासात प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली की खरे बोलणारा माणूसही चाचपडू लागतो.

अशा वेळी सरकारी वकिलाने साक्षीपूर्वी दिलेली दहा मिनिटे किती मोलाची असतात, हे मी एका परिचित बाईंच्या बाबतीत पाहिले आहे. आपल्या जिल्ह्यातील एका न्यायालयात त्यांची साक्ष होती, आणि त्या इतक्या भेदरल्या होत्या की परत जाण्याच्याच विचारात होत्या. तेथील सहायक अभियोक्ता बाईंनी, हातात दिवसभराच्या प्रकरणांचा गठ्ठा असतानाही, त्यांना बाजूला बसविले आणि म्हटले, “ताई, जे पाहिलंत तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, त्यात काही चूक नाही. आणि उत्तर देताना वकिलांकडे नाही, साहेबांकडे बघा.” साक्ष पढविणे हे अभियोक्त्याच्या कर्तव्यात बसत नाही आणि त्या बाईंनी साक्षीतील मजकुराविषयी चकार शब्द काढला नाही. परंतु पिंजरा कोठे, शपथ कशी, उलटतपास म्हणजे काय, एवढे समजल्यावर आमच्या परिचित बाई तासभर न डगमगता उभ्या राहिल्या. साक्षीदाराला येण्याजाण्याचा वाजवी खर्च सरकारातून देण्याचा आदेश फौजदारी न्यायालय देऊ शकते, हेही त्यांना त्याच दिवशी समजले.

बालकांच्या बाबतीत तर कायद्याने अधिक नाजूक काळजी घेतलेली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वये विशेष न्यायालयात सरकारी वकील अथवा बचावाचे वकील मुलाला थेट प्रश्न विचारीत नाहीत. ते आपले प्रश्न न्यायाधीशांना सांगतात आणि न्यायाधीश ते मुलापुढे ठेवतात. सुनावणी बंद दाराआड होते, आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये अशी योजना असते, आणि न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व शक्यतो एका वर्षात खटला पुरा व्हावा असे कायदा सांगतो. मुदती पाळल्या जात नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही आईच्या शेजारी बसलेल्या मुलाला कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत विचारावे याचा आदल्या दिवशी विचार करून आलेला अभियोक्ता आणि सकाळी प्रथमच कागद उघडणारा अभियोक्ता यांच्यातील फरक त्या मुलाला आयुष्यभर जाणवणार आहे.

याशिवाय या कार्यालयाची पुष्कळ कामे अशी आहेत की जी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. जामिनाच्या अर्जावर सरकार पक्षाचे म्हणणे मांडणे, चोरीस गेलेला व सापडलेला ऐवज मालकाला सुपूर्द करावा काय याविषयी मत देणे, निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करावे की नाही याचा अभिप्राय वर पाठविणे ही त्यांपैकी काही. मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या कोठारात वर्षानुवर्षे गंजत न ठेवता पंचनामा व छायाचित्रे करून लवकर परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे; ज्याची दुचाकी हाच पोटापाण्याचा आधार आहे, त्याच्या अर्जावरील सरकारी म्हणणे एक आठवडा आधी दाखल होणे म्हणजे त्याच्या घरची एका आठवड्याची कमाई वाचणे होय.

एका गोष्टीविषयी मात्र आपल्या समाजाची समजूत दृढ आणि चुकीची आहे. शिक्षा झाली तर सरकारी वकील जिंकला व आरोपी सुटला तर हरला, असे आपण मानतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या प्रकरणात उलट सांगितले: काहीही करून शिक्षा घडवून आणण्याची तहान अभियोक्त्याला असता कामा नये, आणि आरोपीच्या बाजूचे जे काही सत्य हाती असेल ते न्यायालयापासून दडविण्याचा अधिकार त्याला नाही. फिर्यादीला आपला खासगी वकील नेमता येतो, पण तो सरकारी अभियोक्त्याच्या साहाय्यकाच्या नात्याने. सूत्रे अभियोक्त्याच्या हातीच राहतात, त्याचेही कारण हेच. सूडाची इच्छा मानवी आहे आणि पीडिताच्या ठायी ती असणे मी दोषास्पद मानीत नाही. परंतु राज्याने त्या इच्छेचे वकीलपत्र घेऊ नये. आपल्या गल्लीतील एखादा तरुण केवळ नावाच्या साधर्म्यामुळे आरोपी झाला असेल, तर ते प्रथम ओळखण्याची व बोलून दाखविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांत अभियोक्ता येतो.

हीच कसोटी खटला मागे घेण्याच्या अधिकारालाही लागू आहे. आंदोलनांतील गुन्हे काढून घेण्याची घोषणा मंत्री करतात आणि टाळ्या पडतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय अभियोक्त्याने स्वतःच्या विवेकाने घ्यावयाचा असतो व न्यायालयाची संमती मिळवावयाची असते. विद्यमान आणि माजी खासदार-आमदारांविरुद्धचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये बजावले, ते उगाच नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यात एक मोलाची भर घातली: पीडित व्यक्तीचे म्हणणे ऐकल्याखेरीज खटला मागे घेण्यास न्यायालयाने परवानगी देऊ नये.

त्याच संहितेने अभियोग संचालनालयाची जिल्हा पातळीपर्यंत मांडणी केली आहे. दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या, जन्मठेपेच्या व फाशीच्या गुन्ह्यांवर संचालकांनी, सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांवर उपसंचालकांनी आणि त्याखालील गुन्ह्यांवर सहायक संचालकांनी देखरेख ठेवावयाची आहे. दोषारोपपत्र न्यायालयात जाण्यापूर्वीच त्यातील उणिवा जाणकाराच्या नजरेस पडाव्यात, हा त्यातील हेतू स्तुत्य आहे. पण ही नजर ठेवण्यासाठी माणसे हवीत, त्यांना लेखनिक हवेत, कागद ठेवण्यास कपाटे हवीत, आणि साक्षीदाराला बसवून बोलता येईल अशी एक खोली हवी. बोलण्या-ऐकण्यास असमर्थ असलेल्या एका मुलीच्या प्रकरणात, जे महाराष्ट्रातूनच दिल्लीला गेले होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याचा आदेश दिला आणि २०२२ साली त्याची व्याप्ती आणखी वाढविली. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर या प्रत्येक न्यायालयात आज त्याची काय स्थिती आहे, सहायक अभियोक्त्यांच्या मंजूर जागा किती व भरलेल्या किती, हे विचारण्यासाठी मोर्चाची आवश्यकता नाही. माहितीच्या अधिकाराखालील एक साधा अर्ज पुरेसा आहे. आमच्या नागरिक संघटना महापालिकेच्या खड्ड्यांसाठी असे अर्ज दरमहा करतात. त्यांनी यंदा एक अर्ज अभियोग संचालनालयाकडेही करावा, आणि आलेले उत्तर आपल्या लोकप्रतिनिधींपुढे अधिवेशनाच्या आधी ठेवावे.