दुसऱ्या कार्डाची जागा

डोंबिवलीतल्या एका घरात दिवाळीच्या सुट्टीत पेच पडला. सातवीतल्या मुलाला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ खेळायचा होता आणि गेम काही केल्या सुरूच होईना. “पण बाबा, आपल्याकडे तर दोन कार्डं आहेत ना?” मुलाचा सवाल बिनतोड होता. बाबांनी कॅबिनेटचं झाकण काढलं. आत एकाखाली एक दोन जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्डं आणि दोघांना डोक्याकडून जोडणारी बोटभर पट्टी, म्हणजे एसएलआय ब्रिज. दोन कार्डांमधल्या फटीत धुळीचा थर बसलेला.

पहिलं कार्ड २०१५ साली लॅमिंग्टन रोडवरून नवंकोरं आलं, दुसरं दोन वर्षांनी सेकंडहँड. पगारदार माणसाला हा हिशोब तेव्हा चोख वाटायचा. आता एक घ्यायचं, पुढे पैसे साठले की तेच दुसरं स्वस्तात बसवायचं.

कल्पनाही जुनी होती. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ कार्डांची जोडी लावता यायची. पडद्यावरच्या सम ओळी एकाने रंगवायच्या, विषम दुसऱ्याने. ही कंपनी बुडाली आणि २०००च्या अखेरीस तिची मालमत्ता एनव्हीडियाने घेतली. २००४ मध्ये एनव्हीडियाने व्हूडू-२च्या जोडीचं एसएलआय हे जुनं नाव नव्या तंत्राला लावलं. वर्षभरात एटीआयने क्रॉसफायर आणलं.

नव्या तंत्रात ओळी वाटणं मागे पडलं आणि अख्खी चित्रं वाटली जाऊ लागली, एक फ्रेम याची, पुढची त्याची. लोहाराच्या ऐरणीवर दोघं आळीपाळीने घण घालतात तसं. ताल जमला तर काम झपाट्याने होतं, पण घावांची संख्या बरोबर आली म्हणजे ताल जमलाच असं नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर १६.७ मिलीसेकंदांनी एक यायला हवी. जोडीत बऱ्याचदा एक ५ मिलीसेकंदांत यायची आणि पुढची २८ मिलीसेकंद रखडायची. कोपऱ्यातला आकडा ६० दाखवायचा आणि डोळ्यांना मात्र हिसके जाणवायचे. या मायक्रोस्टटरवर २०१३च्या सुमारास फ्रेम मोजून एवढा गदारोळ झाला, की एटीआय विकत घेतलेल्या एएमडीला फ्रेमचा ताल सांभाळणारा खास ड्रायव्हर काढावा लागला.

मेमरीचं गणित तर साफ फसवं. ४ जीबीची दोन कार्डं म्हणजे गेमला ८ जीबी मिळत नव्हते, कारण तोच माल दोन्हीकडे भरून ठेवावा लागे. त्यात ९७०च्या ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ निघाला. त्यावरून अमेरिकेत दावा लागला आणि २०१६ मध्ये ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली.

जोडी मोडली ती मात्र गेमच्या रचनेमुळे. चित्राच्या कडा गुळगुळीत करायला नवे गेम आधीच्या फ्रेमचा आधार घेतात, आणि जोडीत ती फ्रेम शेजारच्या कार्डात असते. ती इकडे आणण्यातच मिळालेला वेळ खर्ची पडतो. डायरेक्टएक्स १२ने जोडी चालवायची जबाबदारी ड्रायव्हरकडून गेम बनवणाऱ्यांच्या गळ्यात टाकली. मूठभर ग्राहकांसाठी ती उस्तवार कोण करणार? २०२०च्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने नवी एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं, आणि आरटीएक्स ४० मालिकेतून तर जोडणीची खाचच गेली.

म्हणजे जोडी पुढे चालवायची की नाही, हा प्रश्न डोंबिवलीच्या त्या टेबलावर उरलाच नव्हता. ‘इंडियाना जोन्स’ला रे ट्रेसिंगची सोय चिपमध्येच लागते. किमान अपेक्षा आरटीएक्स २०६० सुपरची आहे. ९७० कितीही जोडा, ती सोय येत नाही. शिवाय या पिढीचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या.

बाबांनी कागदावर दोन रकाने आखले. दोन ९७० मिळून २९० वॅट. एकटं आरटीएक्स ५०६० मात्र १४५ वॅट, म्हणजे एका ९७० इतकंच, आणि मेमरी ८ जीबी. पण तिसरी ओळ अडचणीची होती. गेमला प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय-७ हवा आणि यांचा चौथ्या पिढीचा, चार कोरांचा. जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड थोडं मागेही पडणार, कारण ते डेटाच्या आठच लेन वापरतं आणि जुन्या बोर्डाच्या लेन संथ. शेवटी यंदा कार्ड, पुढच्या वर्षी बोर्ड-प्रोसेसर असं ठरलं. गेम तोवर खालच्या सेटिंगवर, अडखळत का होईना, चालला तर चालला.

दोन कार्डांचा जमाना अगदीच सरलेला नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगचं काम दोघांत सुखाने वाटलं जातं, कारण तिथे एकाच फ्रेमची घाई नसते. घरच्या संगणकावर भाषेची एआय मॉडेलं चालवणारे २४ जीबीची आरटीएक्स ३०९० जोडीने लावतात. मॉडेलचे थर दोन्हीकडे विभागता येतात, आणि तिथे मेमरीची बेरीज खरंच बेरीज होते.

नवं कार्ड बसवायच्या दिवशी चार वायरी निघाल्या, एकच लागली. दुसऱ्या कार्डाच्या जागी कॅबिनेटच्या पाठीला भोक उरलं. तिथला पत्रा आठ वर्षांपूर्वीच हरवला होता. बाबांनी नव्या खोक्याचा पुठ्ठा मापाने कापून तिथे चिकटवला. मुलगा जुनी पट्टी हातात घेऊन नव्या कार्डाची कड चाचपत होता. “बाबा, ही इथे कुठे लागते?”