जुन्या लुगड्याचा पडदा

दिवाळीपूर्वी घराची रंगरंगोटी झाली, की खिडक्यांकडे लक्ष जाते. मग वडवणीच्या बाजारातून, नाही तर बीडच्या दुकानातून, झगझगीत फुलांचे तयार पडदे घरी येतात. त्याच घरातल्या ट्रंकेत आजीची दोन-चार सुती लुगडी घडी करून ठेवलेली असतात. एखाद्या पातेल्याच्या मोबदल्यात ती भांडेवालीच्या हवाली होतात किंवा फरशी पुसायला निघतात. त्यांचेच पडदे शिवावेत असे कोणी सुचवले, तर उत्तर ठरलेले : "लोक काय म्हणतील?"

या उत्तराचे मला नवल वाटते. याच लुगड्यांची वाकळ आपण बिनदिक्कत पांघरतो. तिच्या उबेवर निबंधही लिहितो. मग तेच कापड अंथरुणातून उठून खिडकीत गेले, की लाज का वाटावी? कारण उघड आहे. वाकळ घरच्यांसाठी असते, पडदा पाहुण्यांसाठी. जुने वापरण्याची आपल्याला लाज नाही. ते चारचौघांना दिसण्याची आहे.

आधी व्यवहार पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे ३२४ इंच लांबी आणि साधारण ४५ इंच पन्हा. चार फूट उंचीच्या खिडकीला वरचा नेफा, खालची दुमड आणि थोडा झोळ धरून ६० इंचांचा तुकडा लागतो. म्हणजे अखंड लुगड्यातून पाच तुकडे निघतात, सहावारी साडीतून तीन. खिडकी चार फूट रुंद असेल तर दोन तुकडे पुरतात. ४८ इंचांपुढे ९० इंच कापड आल्याने चुण्याही भरघोस पडतात. काठ उभे येत असल्याने बाजू शिवण्याचे काम उरत नाही. नेफा आणि दुमड घातली, नेफ्यातून स्प्रिंग ओवली, की पडदा तयार.

मात्र कात्री लावण्यापूर्वी लुगडे उजेडासमोर धरावे आणि दोन्ही हातांनी हलके ताणून पाहावे. जिथे ते विरले असेल, तो भाग सोडून द्यावा. पश्चिमेच्या खिडकीला मागून जुन्या धोतराचे अस्तर लावावे, कारण ऊन सुताला खाते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि पडदा आखूड होतो. जुने लुगडे आटायचे तेवढे केव्हाच आटलेले असते.

हे काही आपल्याच दारिद्र्याचे शहाणपण नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते. आहे तेच दुरुस्त करून वापरा, अशी मोहीम तेथील सरकारनेच चालवली. बंगालचा कांथा जुन्या साड्या-धोतरांवरच घडला. आज त्या टाक्यांचे कापड शहरांतल्या दुकानांत मानाने विकले जाते. दुकानात त्याला कला म्हणायचे आणि घरात दारिद्र्य, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, गरिबीचे हे कौतुक कशासाठी? आक्षेप रास्त आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. त्यांच्या कोपीला जुने लुगडे हेच दार असते आणि चार काठ्यांना तेच गुंडाळले, की बायकांची न्हाणी होते. तिथे तो पडदा हौस नसतो, अब्रू असते. त्या माणसांना काटकसर शिकवणे हा उद्धटपणा ठरेल. त्यांना पक्के दार आणि बंद न्हाणीघर मिळालेच पाहिजे.

पण प्रश्न आपला आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आई-वडील अशा कोपीत राहिलेले आहेत. आपण शिकलो, घराला खिडकी आली, आणि त्या खिडकीत लुगडे नको झाले. ही लाज कापडाची नाही, ती कोपीशी असलेल्या नात्याची आहे, असे मला वाटते. पडद्याचे पहिले काम आडोसा देण्याचे, शोभा त्यानंतर. ज्या कापडाने आपल्या आईची अब्रू राखली, ते आपल्या बैठकीत शोभत नसेल, तर दोष कापडाचा नव्हे.

आणखी एक. पटले तरी हे काम आईच्या माथी मारू नये. शिंप्याच्या दुकानात पुरुष मशीनवर बसतो, तेव्हा कोणाला कमीपणा वाटत नाही. मग महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने घरी दोन टाके घातले, तर काय बिघडेल?

येत्या सुट्टीत ट्रंक उघडावी. कोणते लुगडे कापायचे ते मात्र आईला विचारावे. काही लुगडी कापण्यासाठी नसतात. एकाच खिडकीपासून सुरुवात करावी. पाहुण्याने "पडदे कुठून आणले?" असे विचारले, तर "आजीचे लुगडे आहे," एवढे उत्तर मान वर करून देता आले पाहिजे.