दहातला एक

परवा क्रिकेटच्या बातमीत 'डेसिमेट' हा शब्द वाचला. एका संघाने दुसऱ्याची धूळधाण उडवली, एवढाच अर्थ. मूळ लॅटिन शब्द मात्र दहाशी जोडलेला. रणांगणातून पळालेल्या रोमन तुकडीत चिठ्ठ्या टाकून दर दहातला एक निवडायचा, आणि उरलेल्या नऊ जणांनीच त्याला बडवून मारायचं! स्पार्टाकसच्या बंडात (इ.स.पू. ७३ ते ७१) क्रॅससने आपल्याच सैनिकांना ही शिक्षा दिली होती.

काही जण म्हणतात, बरोब्बर दहावा हिस्सा गेला तरच हा शब्द वापरा. मला हा हट्ट पटत नाही. आपण तरी 'तिलांजली' देताना तीळ कुठे घेतो?

खुपतं ते वेगळंच. सामना हरला की 'ॲनिहिलेट', मालिका संपली की 'डेव्हॅस्टेटेड'. आणि खरोखर माणसं मेली की? १९९१ च्या आखाती युद्धात घरोघरी पोचलेला शब्द आठवा, 'कोलॅटरल डॅमेज'. (आम्हा कारकुनांना कोलॅटरल म्हणजे कर्जाचं तारण. इथे कोणी काय तारण ठेवलं होतं, देव जाणे.)

आपल्या गोव्यातही तेच. अर्धा डोंगर गिळला तरी कागदावर 'हिल कटिंग'. केस कापावेत तसा! पुढे पावसात ती लाल माती खालच्या शेतात उतरते. शेतकरी म्हणतो, "शेत काबार जालें." 'काबार'सुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलेला, परकाच शब्द. पण इतक्या वर्षांत फाइलीत तो मी कधी पाहिला नाही.