साठीनंतरचा एकट्याचा तंबू

‘बाबांना जरा समजवा’ अशी विनंती घेऊन दवाखान्यात येणाऱ्या मुलामुलींची मला सवय आहे. बहुधा विषय मिठाचा असतो, साखरेचा असतो किंवा अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचा. अलीकडे त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. निवृत्तीनंतर हाती वेळ आणि दाराशी मोटारसायकल असलेले काही गृहस्थ आता पाठीमागे तंबू बांधून भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. घरच्यांच्या जिवाची घालमेल होते आणि ‘या वयात हे काय?’ असा प्रश्न अखेर माझ्या टेबलावर येऊन पडतो.

माझे उत्तर सरसकट नकाराचे नसते. मोकळी हवा, बेताचा प्रवास आणि स्वतःच्या हिमतीवर घालवलेली एक रात्र यांचा मनाला होणारा लाभ मी कमी लेखत नाही. परंतु साठीनंतरच्या देहाला तंबू निवडताना तरुणांचे निकष पुरत नाहीत. विक्रेता वजन आणि किंमत सांगतो. गुडघे, कंबर, मूत्राशय आणि रक्तदाब यांचा हिशेब आपला आपणच मांडावा लागतो. आज तोच मांडू.

आधी स्थळाविषयी. प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या काठाने शेंडी, मुरशेत, रतनवाडी या गावांच्या परिसरात तंबूंचे मुक्काम पडतात. मे अखेरीस काजवे पाहायला झुंबड उडते. थंडीत काठावर शांतता असते. पावसाळ्यात मात्र हा प्रदेश तंबूचा नव्हे. जवळचे घाटघर हे जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचे गाव आहे, एवढे सांगितले तरी पुरे. ज्येष्ठांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि त्या दिवसांत रात्री पडणारी थंडी व दव गृहीत धरूनच तंबू घ्यावा.

पहिली कसोटी दुकानात नव्हे, घरातच घ्यावी. दिवाणखान्यात फरशीवर पातळ चटई टाकून आडवे व्हा आणि कोणाचाही हात न धरता उठून उभे राहा. दहा मिनिटांनी पुन्हा तसेच करा. तंबूत रात्रीतून दोन-तीनदा हेच करावे लागणार आहे, तेही अंधारात आणि गारठलेल्या सांध्यांनिशी. हे जमत नसेल तर तंबूचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. भंडारदऱ्याला पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि गावांत घरगुती सोयही होते. पलंगावर झोपूनही जलाशय तितकाच सुंदर दिसतो.

ही कसोटी पार पडली की मापांकडे वळू. ‘एका माणसाचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूंची रुंदी सहसा ७० ते ९० सेंटिमीटर आणि लांबी २१० सेंटिमीटरच्या आसपास असते. तरुणाला ती पुरते. कुशीवर वळताना कोपर आणि गुडघा टेकवणाऱ्याला ती अपुरी पडते. मध्यभागीची उंची त्याहून महत्त्वाची. मध्यम चणीचा माणूस बसल्यावर जमिनीपासून त्याच्या डोक्यापर्यंत ८५ ते ९० सेंटिमीटर भरतात. त्यात अंथरुणाची जाडी धरा. म्हणजे तंबूची उंची किमान १०० ते ११० सेंटिमीटर हवी. तीहून कमी असेल तर सदरा घालतानाही मान आणि कंबर वाकवावी लागते आणि स्पाँडिलोसिस असलेल्यांना सकाळी त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून माझा सल्ला असा, की वजनात अर्धा-पाऊण किलो अधिक पत्करून ‘दोन माणसांचा’ लहान तंबू एकट्यासाठी घ्यावा. असे तंबू दोन ते अडीच किलोंत मिळतात.

दाराची जागा ही तिसरी बाब. डोक्याच्या किंवा पायाच्या बाजूला दार असलेल्या तंबूतून रांगतच बाहेर पडावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना ते सोसत नाही. लांब कुशीला दार असेल तर उंबऱ्यावर बसल्यासारखे बसता येते, पाय बाहेर टाकता येतात आणि दारापाशी ठेवलेल्या घडीच्या स्टुलावर हात टेकून उठता येते. दाराची चेन बसल्या जागेवरून एका हाताने उघडते की नाही, हेही पाहून घ्यावे.

यानंतरची गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. मण्यार हा आपल्याकडचा अत्यंत विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करतो. तो दंश अनेकदा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे व गिळणे अवघड होते आणि मग श्वास थकतो. त्यामुळे नुसते छत असलेला किंवा तळ वेगळा अंथरावा लागणारा तंबू घेऊ नये. तळ भिंतींना अखंड शिवलेला आणि कडेने वीतभर वर चढलेला असावा. जाळीची चेन शेवटपर्यंत बंद होणारी असावी. ती चेन दिवसाही बंद ठेवावी. बूट आत घ्यावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत, कारण विंचवाला बुटाची पोकळी आवडते. लाल विंचवाच्या दंशानंतर भरपूर घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे रुग्ण मोठ्या संख्येने वाचू लागले. अर्थात वेळेवर पोहोचले तरच. साप असो वा विंचू, चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक गाठणे यांत वेळ दवडू नये. दंश झालेला भाग स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर कळवावे आणि रुग्णालय गाठावे.

तंबूचे कापड दुहेरी असावे: आत जाळीदार भिंत आणि वर पाणी अडवणारे आच्छादन. झोपेत श्वास आणि घाम यांतून पेलाभर तरी पाणी बाहेर पडते. एकेरी कापडावर ते दवासारखे जमून अंथरुणावर ठिबकते आणि ओले पांघरूण थंडी वाढवते. आच्छादनाची जलरोधकता २००० ते ३००० मिलिमीटर असली की अवकाळी सरीला ते पुरते. थंडी वाजते म्हणून हवा येण्याच्या खिडक्या बंद करू नयेत. आणि कोळशाची शेगडी वा गॅसची चूल काही झाले तरी तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. उबेसाठी कानटोपी, लोकरी मोजे आणि अंगाखाली जाड फोमची चटई हवी, कारण जमीन अंगातील ऊब पांघरुणापेक्षा लवकर ओढून घेते.

जलाशयाकाठची जमीन कुठे मुरमाड, कुठे निव्वळ कातळ आहे. तेथे खुंट्या सहज शिरत नाहीत. म्हणून दांडे जोडताच स्वतःच्या आधारावर उभा राहणारा तंबू घ्यावा. त्यालाही तणावे बांधावेतच. खुंटी शिरत नसेल तेथे ते मोठ्या दगडाला बांधता येतात. तणाव्यांना चमकणारी दोरी असावी, नाहीतर रात्री पाय अडकून पडण्याचा धोका असतो. साठीनंतर मांडीच्या हाडाचे मोडणे ही साधी दुखापत नसते.

मोटारसायकलच्या दृष्टीने वजनापेक्षा घडीची लांबी पाहावी. ४० ते ४५ सेंटिमीटर लांबीची घडी बाजूच्या पिशवीत मावते. ६० सेंटिमीटरची कॅरियरवर आडवी बाहेर येते. हवेत फेकताच उघडणारे तंबू मोहक असतात, पण त्यांची मोठी गोल थाळी होते आणि ती वाऱ्याला धरते. ओझे शक्य तितके खाली आणि आपल्या पाठीजवळ असावे. नायलॉनचे कापड सायलेन्सरपासून दूर ठेवावे. इन्सुलिन तर त्या बाजूला अजिबात नको.

आता रात्रीचा प्रश्न, ज्याविषयी पुरुष सहसा बोलत नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते. तंबूत रुंद तोंडाची बाटली ठेवावी; त्यात लाज कसली? बाहेर जायचेच असेल तर आधी मिनिटभर बसावे, दिवा लावावा, मग उठावे. वारंवार उठावे लागेल या भीतीने दिवसभर पाणीच न पिणे हा उपाय नव्हे. लघवी वाढवणारी गोळी किती वाजता घ्यावी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

काळजीवाहू मुलांनो आणि सुनांनो, आता तुमच्यासाठी. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, फिट येत असतील, साखर अचानक खाली जात असेल, तोल जाऊन पडणे घडले असेल किंवा विस्मरण सुरू झाले असेल, तर ठामपणे नाही म्हणा आणि आम्हा डॉक्टरांचीही साथ घ्या. यांपैकी काही नसेल, तर नुसता विरोध करू नका; विरोध झाला की माणूस न सांगता निघतो. तंबू आणल्यावर एक रात्र गच्चीवर किंवा अंगणात झोपून पाहू द्या. पहिला मुक्काम निर्जन काठावर नको; गावाजवळ, जेथे शेजारी माणसे आहेत अशा ठिकाणी असू द्या. संध्याकाळी अंधारापूर्वी पोहोचणे, एक फोन रात्री आणि एक सकाळी, खिशात औषधांची व आजारांची चिठ्ठी, एवढे ठरवून घ्या. राजूर आणि अकोले येथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे मुक्कामाच्या जागेवरून आधीच विचारून ठेवा.

आणि ज्येष्ठ मित्रहो, दुकानात गेलात की तंबू पिशवीतून काढून उभा करायला सांगा. आत जाऊन आडवे व्हा, कुशीवर वळा, उठून बसा, बाहेर या. दुकानदार हसला तरी हरकत नाही. बाहेर येताना धाप लागली किंवा कोणाचा हात शोधावा लागला, तर तो तंबू कितीही हलका आणि स्वस्त असला तरी तुमचा नव्हे.